कृषिशिक्षण, ठाणे–कल्याण परिसरातील

ठाणे, कल्याण–डोंबिवली आणि त्यांभोवतीच्या भातपट्ट्यात शेतीचे शास्त्रीय ज्ञान शिक्षणसंस्थांच्या द्वारे लहान शेतकऱ्यापर्यंत नेण्याचे जे प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून झाले, त्यांचा इतिहास. या प्रयत्नांत सरकारी संशोधन केंद्रे, परदेशी विद्यापीठांच्या सहकार्याने उभारलेली कृषी विद्यापीठे आणि स्थानिक शिक्षणसंस्था या तिन्हींचा वाटा आहे. असेच विद्यापीठीय सहकार्य त्याच सुमारास आफ्रिका खंडातील अनेक देशांतही चालू होते. गुंठ्यांत मोजल्या जाणाऱ्या शेतीला विद्यापीठाचा उपयोग कसा व्हावा, हा प्रश्न दोन्हीकडे एकच होता. प्रस्तुत नोंदीत ‘ठाणे जिल्हा’ म्हणजे १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा होण्यापूर्वीचा अविभक्त जिल्हा समजावा.

भूमी व शेतकरी : सह्याद्रीचा पायथा व अरबी समुद्र यांमधील या भागात उल्हास, काळू, भातसा व वैतरणा या नद्यांची खोरी आहेत. पावसाळ्याचे चार महिने मुबलक पाणी व उरलेले आठ महिने टंचाई, ही येथील शेतीची मूळ अडचण होय. भातजमिनीचे खारी व गोडी असे दोन प्रकार मानले जातात. खाडीकाठच्या खारी जमिनी बांध घालून समुद्राच्या भरतीपासून राखाव्या लागतात, तर गोड्या जमिनी आतल्या भागात पायऱ्यापायऱ्यांच्या खाचरांत विभागलेल्या असतात. डोंगरउताराच्या वरकस जमिनीवर नाचणी व वरी घेतली जाते आणि भात निघाल्यावर जमिनीतील ओलीवर वाल पेरला जातो. आगरी, कुणबी, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी व वारली हे येथील मुख्य शेतकरी व शेतमजूर समाज असून बहुतेकांची शेती लहान व तुकड्यातुकड्यांची आहे. पुष्कळांना ती स्वतःच्या मालकीची होण्यासाठी १९४८ च्या कूळकायद्याची आणि त्यानुसार ठरलेल्या १ एप्रिल १९५७ या कृषकदिनाची वाट पाहावी लागली. १९४५ मधील वारल्यांचा उठाव उंबरगाव–डहाणू भागात झाला, तो वेठबिगारी व जमीनमालकांच्या जुलमाविरुद्ध होता. जमिनीवर हक्क नसलेल्या माणसाला सुधारित बियाण्याचे महत्त्व पटवून देणे कोणत्याही शिक्षणसंस्थेला शक्य नव्हते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील कृषिप्रसाराचे अपयश मोजताना ही गोष्ट बहुधा विसरली जाते.

राबाचा वाद : शास्त्र आणि ठाण्याचा शेतकरी यांची पहिली गाठ पडली ती राबावरून. भाताचे रोप ज्या तुकड्यावर तयार करावयाचे, त्यावर झाडांची टहाळे, पालापाचोळा, गवत, शेण व माती यांचे थर पसरून उन्हाळ्याच्या अखेरीस ते जाळावयाचे, ही राबाची रीत. वनखात्याच्या दृष्टीने ती जंगलाची नासाडी होती. शेतकऱ्याच्या दृष्टीने रोप जगण्याची हमी होती. वनांच्या सीमा आखल्या जाऊ लागल्यावर टहाळ तोडण्याच्या हक्कांवर निर्बंध आले. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत असंतोष वाढला आणि १८८५ मध्ये मुंबई सरकारला चौकशीसाठी वन आयोग नेमावा लागला. मुंबई इलाख्याच्या कृषिखात्याचे प्रमुख ओझन यांनी राबाचे प्रयोग करून पाहिले. रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनज्ञ जे. ए. व्होल्कर यांनी भारतभर हिंडून १८९३ मध्ये भारतीय शेतीवर जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यातही या प्रथेची दखल घेतलेली आहे. भारतीय शेतकरी अडाणी असल्यामुळे त्याची शेती मागासलेली आहे, हे मत व्होल्कर यांना मान्य नव्हते. त्याच्याजवळ साधने नाहीत, असे त्यांचे निदान होते.

राबाने जमीन तापते, तणांचे बी मरते, माती भुसभुशीत होते व राखेतून पालाश आणि सिलिका मिळते, हे आज सर्वमान्य आहे. जंगलाची हानी होते हेही तितकेच खरे. मात्र ज्या खात्याने राब बंद करावा असे म्हटले, त्याच्याजवळ रोप वाढविण्याचा दुसरा स्वस्त मार्ग त्या वेळी नव्हता. तो सापडण्यास जवळजवळ शंभर वर्षे लागली.

पुणे व कर्जत : कृषिशिक्षणाचा पहिला वर्ग पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात १८७९ मध्ये निघाला व १९०८ मध्ये पुणे कृषी महाविद्यालय स्वतंत्र झाले. हॅरल्ड मॅन यांच्यासारखे साक्षेपी प्राचार्य त्यास लाभले. तथापि या महाविद्यालयाचे लक्ष साहजिकच दख्खनच्या कोरडवाहू व कालव्याखालील शेतीकडे होते. मुसळधार पावसातील भातशेतीचा अभ्यास घाटाखालीच होऊ शकत होता. त्यासाठी कुलाबा (आता रायगड) जिल्ह्यातील कर्जत येथे १९१९ च्या सुमारास भात संशोधन केंद्र स्थापन झाले. कर्जत हे कल्याणपासून लोहमार्गाने सु. ४६ किमी. अंतरावर असल्याने जमीन, पाऊस व पीक या तिन्ही बाबतींत कल्याण, मुरबाड व शहापूर तालुक्यांना तेथील निष्कर्ष थेट लागू पडत.

कर्जतचे आरंभीचे काम निवडपद्धतीचे होते. शेतकऱ्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या कोलम, झिन्या इ. भातांतून उत्तम रोपे निवडून त्यांपासून शुद्ध वाण काढण्यात आले. कोळंबा १८४, झिन्या ३१, झिन्या १४९ ही नावे दोन पिढ्यांच्या शेतकऱ्यांच्या तोंडी होती. हळवे, निमगरवे व गरवे असे भाताचे जे वर्गीकरण शेतकरी करीत, तेच संशोधकांनीही स्वीकारले. कारण खाचराची उंची आणि त्यात पाणी किती दिवस टिकते, यावरच वाण ठरतो. खाऱ्या जमिनींसाठी पनवेल येथे स्वतंत्र केंद्र निघाले. तेथील काळा रता, भुरा रता हे तांबड्या तांदळाचे वाण खाडीकाठच्या शेतकऱ्यांच्याच संग्रहातून घेतलेले होते. थोडक्यात, या काळात ज्ञान दोन्ही दिशांनी वाहत होते. पुढच्या काळातील अधिक खर्चाच्या व अधिक गाजावाजा झालेल्या योजनांबद्दल असे नेहमीच म्हणता येत नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात १९५२–५३ पासून मुंबई राज्याने जपानी पद्धतीच्या भातशेतीची मोहीम हाती घेतली. तिची आरंभीची प्रात्यक्षिके त्या वेळी बृहन्मुंबईच्या हद्दीबाहेर असलेल्या बोरिवली येथील कोरा ग्रामोद्योग केंद्रात झाली. गादीवाफ्यावर विरळ रोप, ओळीत लावणी, कोळपणी व भरपूर खत ही या पद्धतीची अंगे होत. मोहिमेचा गाजावाजा मोठा झाला, पण तिने मागितलेले खत व मनुष्यबळ लहान शेतकऱ्याजवळ नव्हते. पाऊस लागताच आठपंधरा दिवसांत लावणी उरकणे ही त्याची निकड होती. दोरी धरून ओळी आखण्यास त्याला सवड नव्हती. काही वर्षांत बहुतेक ठिकाणी ओळी नाहीशा झाल्या, गादीवाफे मात्र काही प्रमाणात टिकले. पुढे १९६० च्या दशकात खोपोली येथे भारत–जपान सहकार्याने प्रात्यक्षिक प्रक्षेत्र चालविण्यात आले.

अमेरिकी विद्यापीठांचे सहकार्य : अमेरिकेत १८६२ च्या मॉरिल कायद्याने राज्यांना जमिनी देऊन शेती व यंत्रविद्या यांची महाविद्यालये काढण्यात आली. १८८७ च्या हॅच कायद्याने त्यांना प्रयोगकेंद्रांची जोड मिळाली व १९१४ च्या स्मिथ–लिव्हर कायद्याने विस्तारकार्याची. अध्यापन, संशोधन व विस्तार ही तिन्ही कामे एकाच संस्थेने करावीत, हे या जमीन-अनुदान विद्यापीठांचे वैशिष्ट्य. राधाकृष्णन विद्यापीठ शिक्षण आयोगाने (१९४८–४९) भारतात ग्रामीण विद्यापीठांची कल्पना मांडली आणि १९५५ व १९६० मधील भारत–अमेरिका संयुक्त मंडळांनी जमीन-अनुदान विद्यापीठाचा नमुना पुढे ठेवला. १९५० च्या दशकात इलिनॉय, कॅन्सस, मिसूरी, ओहायओ व टेनेसी येथील पाच विद्यापीठांना भारताचे विभाग वाटून देण्यात आले. या सहकार्यातून पंतनगर येथे १९६० मध्ये पहिले कृषी विद्यापीठ उभे राहिले. राल्फ कमिंग्ज समितीने विद्यापीठांच्या कायद्याची रूपरेषा आखून दिली, तर कोठारी आयोगाने (१९६४–६६) प्रत्येक राज्यात किमान एक कृषी विद्यापीठ असावे अशी शिफारस केली.

महाराष्ट्राच्या वाट्यास या मालिकेतील सहावे, पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठ आले. तेथील प्राध्यापकांनी येथे येऊन अभ्यासक्रम, सत्रपद्धती, अंतर्गत परीक्षा व ग्रंथालये यांच्या मांडणीस साह्य केले. येथील काही अध्यापक तेथे उच्च शिक्षणासाठी गेले. राज्याचा कृषी विद्यापीठ अधिनियम १९६७ मध्ये झाला व १९६८ मध्ये एकच महाराष्ट्र कृषी विद्यापीठ अस्तित्वात आले. परंतु ते कोठे असावे यावरून विदर्भात मोठे आंदोलन पेटले होते. अखेर १९६९ मध्ये अकोल्यास आणि १८ मे १९७२ रोजी परभणी व दापोली येथे स्वतंत्र विद्यापीठे झाली. राहुरीचे विद्यापीठ पश्चिम महाराष्ट्रापुरते राहिले. दापोलीचे कृषी महाविद्यालय १९६५ पासूनच चालू होते. कोकण कृषी विद्यापीठास २००१ मध्ये माजी कृषिमंत्री व काही काळ मुख्यमंत्री असलेल्या बाळासाहेब सावंत यांचे नाव देण्यात आले.

एका राज्यास चार कृषी विद्यापीठे हा अमेरिकी सल्ल्याचा भाग नव्हता. प्रादेशिक आग्रहातून ती निर्माण झाली व साधने विभागली गेली अशी टीका झाली. कोकणापुरते पाहता मात्र ही विभागणी हिताची ठरली. ज्वारी, कापूस व ऊस या पिकांच्या विद्यापीठात भात, आंबा, काजू, नारळ व मत्स्यव्यवसाय यांना अग्रस्थान मिळणे कठीण होते. कर्जत, पनवेल, वेंगुर्ले व पालघर येथील केंद्रे दापोलीच्या छत्राखाली आल्यावर त्यांची पदे व प्रक्षेत्रे यांना स्थैर्य आले. विद्यापीठाने विकसित केलेली आंब्याची कोय कलम पद्धती व वेंगुर्ले येथील काजूचे वाण १९९० नंतर रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवडीत ठाण्याच्या वरकस जमिनींवरही पोहोचले.

अमेरिकी नमुन्याचा गाभा मात्र येथे पुरता रुजला नाही. विस्तारकार्य राज्याच्या कृषिखात्याकडेच राहिले. विद्यापीठाने ‘विस्तार शिक्षण’ द्यावे आणि खात्याने प्रत्यक्ष विस्तार करावा, अशी विभागणी झाली. शिफारस दापोलीहून निघे, ती वार्षिक बैठकीत मंजूर होई, मग खात्याच्या उतरंडीतून ग्रामसेवक किंवा कृषी सहायकापर्यंत येई. मुरबाडच्या शेतकऱ्याचा प्रश्न याच वाटेने उलट दिशेला सहसा जात नसे. बुटक्या वाणांच्या प्रसारात हे उघड झाले. आय. आर. ८ (१९६६) व जया (१९६८) या वाणांनी धान्य अधिक दिले, परंतु खोलगट खाचरांत जुलैच्या पाण्यात त्यांची बुटकी रोपे बुडत व पेंढाही कमी मिळे. मुंबईच्या तबेल्यांना गवत व पेंढा पुरविणाऱ्या या जिल्ह्यात पेंढा हे पिकाचे दुय्यम अंग नव्हते. गुरांचा चारा, छपराचे आच्छादन व हाती येणारा रोख पैसा ही तिन्ही कामे तो करी. निव्वळ धान्याच्या क्विंटलांवर मोजणी करणाऱ्या चाचणीत या तोट्याची नोंद होत नसे. पुढे कर्जतच्या संशोधकांनी मध्यम उंचीचे, बारीक दाण्याचे व येथील पावसास साजेसे वाण काढले, तेव्हा जुनी भाते मागे पडली. १९९८ मध्ये तेथूनच सह्याद्री हा संकरित वाण प्रसारित झाला.

कोसबाड : विद्यापीठाच्या चौकटीबाहेरचा महत्त्वाचा प्रयोग डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर झाला. गोखले एज्युकेशन सोसायटीची कृषिसंस्था तेथे १९४९ मध्ये निघाली. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांचे बोर्डी येथील ग्राम बाल शिक्षा केंद्रही १९५० च्या दशकात कोसबाडला आले. त्यामुळे वारली मुलांचे शिक्षण व वारली पालकांची शेती यांचा विचार एकाच टेकडीवर होऊ लागला. कृषिसंस्थेचे संचालक जयंतराव पाटील (पुढे नियोजन आयोगाचे सदस्य) यांनी आदिवासींच्या उतारावरील हलक्या जमिनीत फळझाडे, भाजीपाला, चारा व भात यांची सांगड घालण्याचे प्रयोग केले. मोहनसिंग मेहता समितीच्या शिफारशीनुसार देशात कृषी विज्ञान केंद्रे सुरू झाली. त्यांतील पहिले १९७४ मध्ये पाँडिचेरी येथे निघाले आणि १९७६ मध्ये कोसबाडला केंद्र मिळाले, ते देशातील अगदी आरंभीच्या केंद्रांपैकी होय. येथे प्रवेशास शालेय पात्रता लागत नसे व प्रमाणपत्रापेक्षा हाताने केलेल्या कामास महत्त्व होते. ‘करून शिकणे’ या सूत्रावर चालणारी ही पद्धती विद्यापीठांच्या वर्गशिक्षणापेक्षा येथील शेतकऱ्यास मानवली, यात नवल नाही.

चारसूत्री पद्धती : राबाच्या प्रश्नाला पहिले समाधानकारक उत्तर विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत मिळाले. अमेरिकेतील अलाबामा राज्यात १९७४ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय खत विकास केंद्रात काम केलेले मृदाशास्त्रज्ञ एन. के. सावंत यांनी कोकणातील संशोधकांच्या सहकार्याने लहान भातशेतकऱ्यासाठी जी पद्धती सिद्ध केली, ती ‘चारसूत्री भातशेती’ या नावाने प्रसिद्ध आहे. तीत बाहेरून आणावयाची वस्तू जवळजवळ एकच, ती म्हणजे खताची गोळी.

पहिले सूत्र भाताच्या अवशेषांचा फेरवापर हे आहे. गिरणीतून निघणाऱ्या तुसाची काळी राख रोपवाटिकेच्या मातीत मिसळावयाची व पेंढ्याचा काही भाग शेतात गाडावयाचा. राखेतील सिलिकेने रोप कणखर होते व खोडकिडीस कमी बळी पडते. राबात शेतकरी जे जंगल जाळून मिळवी, त्याचा मोठा भाग यात तुसापासून मिळतो. दुसरे सूत्र गिरिपुष्पाच्या पाल्याचे. हे झाड बांधावर फांद्या खोचून वाढते व त्याचा पाला चिखलणीपूर्वी खाचरात टाकला की कुजून नत्र देतो. त्यासाठी वनात जावे लागत नाही. तिसरे सूत्र नियंत्रित लावणीचे. रोपे ओळींत २५ व १५ सेंमी. अशी आलटून पालटून अंतरे ठेवून लावली जातात. त्यामुळे प्रत्येक चार चुडांचा १५ सेंमी. बाजूचा एक चौकोन तयार होतो. चौथे सूत्र या चौकोनाच्या मध्यभागी सु. २·७ ग्रॅ. वजनाची युरिया–डीएपी खताची एक गोळी (ब्रिकेट) लावणीच्या दिवशीच ७ ते १० सेंमी. खोल खोचणे. एका आरात (१०० चौ. मी., म्हणजे ढोबळमानाने गुंठ्यात) असे ६२५ चौकोन बसतात, म्हणजे सु. पावणेदोन किलोग्रॅम खत पुरते.

खोल खोचण्यामागील कारण साधे आहे. उभ्या पाण्यात फोकलेल्या युरियापासून अमोनिया होऊन तो हवेत उडतो; उरलेले खत मुसळधार पावसात बांधावरून वाहून जाते. पिकास त्यातील जेमतेम तिसरा हिस्सा मिळतो. हवा नसलेल्या खोल चिखलात मात्र अमोनियम मातीच्या कणांस धरून राहते व मुळे ते हंगामभर शोषून घेतात. त्यामुळे साधारण एकतृतीयांश युरियाची बचत होते व हप्त्याहप्त्याने खत देण्याची गरज राहत नाही. गोळ्या तयार करण्याचे यंत्र लहान असल्याने ते तालुक्याच्या गावी किंवा एखाद्या गटाकडे चालविता येते. कृषिखात्याने या पद्धतीचा प्रसार केला व दापोली विद्यापीठाने ‘कोकण अन्नपूर्णा’ या नावाने स्वतःच्या गोळ्या तयार केल्या.

पद्धतीचा कमकुवत दुवा म्हणजे हात. हेक्टरी ६२,५०० गोळ्या चिखलात वाकून खोचावयाच्या, आणि हे काम मुख्यतः स्त्रियांच्या वाट्यास येते. दहावीस गुंठ्यांचे कुटुंब ते घरच्या माणसांत करते. मजूर लावून शेती करणाऱ्यास ते परवडत नाही. सुधारित पद्धती मोठ्या शेतकऱ्यापासून लहानाकडे झिरपते, हा विस्तारशास्त्रातील प्रचलित समज येथे उलटा ठरतो.

आफ्रिकेतील समांतर अनुभव : जमीन-अनुदान विद्यापीठांनी भारतात जे काम केले, तेच त्याच काळात आफ्रिकेतही केले. ओक्लाहोमाच्या विद्यापीठाने १९५२ च्या करारानुसार इथिओपियात अलेमाया येथील कृषी महाविद्यालय उभारले व १९६८ पर्यंत त्यास साथ दिली. नायजेरियातील न्सुक्का येथे १९६० मध्ये मिशिगन राज्य विद्यापीठाच्या साह्याने नवे विद्यापीठ निघाले, उत्तर नायजेरियातील अहमदु बेलो विद्यापीठास कॅन्ससचे सहकार्य लाभले. पंतनगर उभारणाऱ्या इलिनॉय विद्यापीठानेच सिएरा लिओनमधील न्जाला येथेही संस्था उभी केली. तेथेही महाविद्यालये उभी राहिली, परंतु विस्तारकार्य बहुधा मंत्रालयांकडेच राहिले आणि पदवीधर शेताऐवजी कचेरीकडे वळले. भारताजवळ कर्जतसारखी जुनी केंद्रे व पुण्यासारखी महाविद्यालये आधीपासून होती. आफ्रिकेतील बहुतेक देशांत असा पाया अपुरा होता आणि परदेशी प्राध्यापक परतल्यावर पोकळी अधिक जाणवली. पूर्व व दक्षिण आफ्रिकेतील विद्यापीठांनी २००४ मध्ये एकत्र येऊन ‘रुफोरम’ हा मंच स्थापन केला. पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे संशोधन लहान शेतकऱ्यांच्या प्रश्नांवर व शक्यतो त्यांच्या शेतावर व्हावे, असा त्याचा प्रयत्न आहे. महाराष्ट्रातील कृषी विद्यार्थ्यास खेड्यात राहून ग्रामीण कृषी कार्यानुभव घ्यावा लागतो, त्यामागील हेतूही हाच.

साम्य केवळ संस्थांपुरते नाही. नाचणी मूळची पूर्व आफ्रिकेतील उंच प्रदेशांची. ती फार प्राचीन काळी भारतात आली. उत्तर झांबियातील बेंबा लोक झाडांच्या फांद्या तोडून त्यांचे ढीग जाळतात व राखेत नाचणी पेरतात. ‘चितेमेने’ नावाच्या या पद्धतीचे वर्णन ऑड्री रिचर्ड्‌स यांच्या १९३९ च्या ग्रंथात आहे. तेथील वसाहतीच्या अधिकाऱ्यांनीही ती उधळेपणाची ठरवून बंद पाडण्याचा प्रयत्न केला. ठाण्याच्या वन आयोगासमोरील कैफियतींशी हा वाद विलक्षण जुळतो.

खोल खोचण्याच्या खतगोळीचा प्रवासही उल्लेखनीय आहे. खत विकास केंद्राने ती बांगला देशात मोठ्या प्रमाणावर रुजविली व एकविसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत नायजेरिया, बुर्किना फासो, माली इ. पश्चिम आफ्रिकी देशांत नेली. जेथे कालव्याचे पाणी खाचरात रोखून धरता येते, तेथे तिचे परिणाम चांगले आले. परंतु आफ्रिकेतील भाताचे बरेचसे क्षेत्र पावसावरील व उताराचे आहे. पाणी उभे न राहणाऱ्या जमिनीत गोळीचा गुण उतरत नाही, आणि मजुरीची अडचण तेथेही तीच आहे. भारत–आफ्रिका शिखर परिषदांनंतर (पहिली : नवी दिल्ली, २००८) आफ्रिकी विद्यार्थी भारतीय कृषी विद्यापीठांत शिष्यवृत्तीवर येऊ लागले. त्यांच्या दृष्टीने पंतनगरच्या विस्तीर्ण प्रक्षेत्रापेक्षा कोकणातील तुकड्यांची शेती अधिक परिचयाची ठरावी.

नागरीकरण : संशोधन लहान शेताच्या मापाचे होत गेले, त्याच काळात कल्याण–ठाणे परिसरातील शेतच आटत गेले. दुसऱ्या महायुद्धात कल्याणलगत लष्करी छावण्या झाल्या. त्यांच्या जागी १९४९ मध्ये निर्वासितांचे उल्हासनगर वसले. नेवाळी येथील धावपट्टीसाठी त्या काळी घेतलेल्या जमिनींचा तंटा २०१७ मध्येही रस्त्यावर आला. १९६० च्या दशकात ठाण्यास वागळे इस्टेट, ठाणे–बेलापूर पट्टा व डोंबिवलीची औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि १९७० नंतर नवी मुंबईसाठी ठाणे तालुक्यातील गावे संपादित झाली. लावणीच्या दिवसांत कारखान्याची पाळी सोडून शेतावर येणारा मुलगा हळूहळू येईनासा झाला. खाडीकाठच्या बांधांची देखभाल गावकी एकत्र राहिली तरच होते. गावकी विस्कटताच बांध फुटले व गोड खाचरांत खारे पाणी शिरले. पनवेलच्या केंद्राने काढलेले क्षारसहिष्णु वाण अशा वेळी फारसे उपयोगी पडत नाहीत, कारण पेरणाराच उरलेला नसतो.

मजुरांच्या या टंचाईतूनच पुढचा बदल झाला. नेरळ येथील प्रयोगशील शेतकरी चंद्रशेखर भडसावळे यांनी २०११ च्या सुमारास मांडलेल्या सगुणा राईस तंत्रात चिखलणी, रोपवाटिका व लावणी ही तिन्ही कामे वगळली आहेत. एकदा केलेल्या गादीवाफ्यावर लोखंडी साच्याने भोके पाडून बी टोकले जाते व कापणीनंतर मुळे जमिनीतच कुजू दिली जातात. राब, लावणी व ओळीची दोरी या सर्वांना फाटा देणारे हे तंत्र विद्यापीठात नव्हे, तर शेतावर जन्मास आले. तण हा त्यातील मुख्य प्रश्न असून त्यासाठी तणनाशकावर अवलंबून राहावे लागते. मुरबाड, शहापूर व भिवंडी तालुक्यांच्या अंतर्भागांत, जेथे भात अजून मुख्य पीक आहे, तेथे चारसूत्री व सगुणा या दोन्ही पद्धती आढळतात. कल्याण–डोंबिवली महानगरपालिकेच्या स्थापनेच्या वेळी (१९८३) तीत आलेली, २००२ मध्ये वगळलेली व २०१५ मध्ये पुन्हा समाविष्ट झालेली २७ गावे मुख्यतः भातशेतीचीच होती; तेथील पुष्कळ खाचरांवर आता इमारती असून उरलेल्या काहींत पावसाळ्यात भात आणि बांधावर गिरिपुष्प अद्याप दिसतो.